चौथी बाजू नंतर सांगतो

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. सुनंदाचा, म्हणजे नानांच्या मुलीचा आवाज अगदी शांत होता. "जेवल्यावर डोळा लागला, तो उघडलाच नाही," ती म्हणाली. अशा वेळी माणसं "कसं काय गं?" म्हणतात, निदान "अरेरे" तरी म्हणतात... माझ्या तोंडून निघालं, "घरातच ना?" ती म्हणाली, "घरातच. का गं?" मी "काही नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. समोर कुठल्याशा प्लॉटची फाइल उघडी होती आणि बाहेर जळगावची भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाना आपल्याच वेळेला गेले, एवढंच मनात आलं. मग मी मॅनेजरसाहेबांना सांगून धुळ्याची बस धरली.

आपल्याच वेळेला म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाना मोजणी खात्यात होते. हातात साखळी, डोक्यावर टोपी, गावोगाव हिंडून जमिनी मोजायच्या आणि संध्याकाळी धुळ्याच्या घरी यायचं, अशी त्यांची उभी हयात गेली. उरलेल्या वेळात ते कथा लिहीत आणि खाली 'मोजणीदार' अशी सही करत. खानदेशातल्या वाचनालयांत ज्यांनी जुन्या मासिकांच्या चवड्या उपसल्या आहेत, त्यांना ती सही आठवेल. लोक त्या कथांना भुताच्या म्हणत. नानांना ते आवडत नसे, कारण त्यांच्या एकाही कथेत भूत नाही, रात्रही नाही. त्यांच्या कथेत जे काही होतं ते दुपारी होतं, लख्ख उन्हात, माणसं जेवून लवंडलेली असताना. "रात्री काय, कोणीही घाबरतं," ते म्हणायचे.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती अशाच एका मे महिन्यातल्या दुपारी. सहावीची परीक्षा झाली होती. आमचे अण्णा दाळ मिलमध्ये हिशेबनीस. वाचायची त्यांना दांडगी हौस, त्यामुळे घरात वाचनालयाची मासिकं असत. आई झोपली होती, कूलर घरघरत होता, आणि मी थंड फरशीवर पोट टेकून एक मासिक चाळत होते. एक कथा अशी सुरू झाली: 'घर दोन खणांचे. पूर्वेस कडुनिंब. दक्षिणेस रस्ता, बैलगाडीपुरता. पश्चिमेस गोठा, सध्या रिकामा. उत्तरेस काय आहे, ते नंतर सांगतो.' झालं! त्या 'नंतर'नं मला जे बखोट धरून ओढलं ते आजवर सोडलेलं नाही. कथेत विशेष काही घडतच नव्हतं. एक मोजणीदार उन्हानं कासावीस होऊन त्या घरी पाणी मागतो. बाई तांब्याभर गार पाणी देते. तो पितो, बाईशी चार शब्द बोलतो, ती म्हणते घरामागच्या विहिरीचं आहे. बाई पुन्हा तांदूळ निवडायला बसते. मी पान उलटत होते ते फक्त उत्तरेसाठी, आणि उत्तर आली ती शेवटच्या ओळीत: 'उत्तरेस विहीर. ती आम्ही सकाळीच मोजली होती, आणि कागदावर कोरडी अशी नोंद केली होती.' माझ्या शेजारी पाण्याचा पेला होता, अर्धा प्यालेला. तो मी पुढे प्याले नाही आणि ओतूनही टाकला नाही. आई उठेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

पुढचा महिनाभर मी घर मोजत होते. आमची उत्तर कुठली? तर शेजारच्या बंद खोलीची भिंत. त्या भिंतीला मी पाठ लावेना. आई वैतागली. अण्णांना कळलं तेव्हा ते हसले, पण मग गंभीर झाले. आमच्या घरी बुद्धवंदना होती, देव्हारा नव्हता. अंगात येणं, दृष्ट काढणं, असल्या गोष्टींना अण्णांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं, आणि आता पोरगी भिंतीला घाबरते म्हणजे काय! त्यांनी ते मासिक मागून घेतलं, चष्मा लावला आणि कथा वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. "यात भूत कुठंय?" ते म्हणाले. "नाहीच्चे," मी म्हटलं. अण्णांची पंचाईत झाली. जे नाहीच त्याला बंदी कशी घालणार? त्यांनी मासिक परत दिलं. रात्री पाणी पिताना मात्र त्यांनी माठाचं झाकण उचलून आत डोकावून पाहिलं, ते मी पाहिलं.

मग शाळा सुरू झाली आणि बाईंनी 'माझी शाळा' हा निबंध घातला. मी लिहिलं, शाळेच्या पूर्वेस मैदान, दक्षिणेस फाटक, पश्चिमेस मुख्याध्यापकांची खोली, उत्तरेस काय आहे ते नंतर सांगते. मग प्रार्थना, तास, डबा, सगळं शिस्तीत. आणि शेवटी: 'उत्तरेस आमच्या वर्गाची मागची भिंत. तिला खिडकी नाही. तरी दुपारच्या सुट्टीनंतर तिकडून फळ्यावर ऊन पडते. बाई रोज ते पुसतात.' बाईंनी अण्णांना बोलावणं धाडलं. अण्णांनी शाळेत उभ्या उभ्या निबंध वाचला आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे. चूक काय आहे यात?" बाई म्हणाल्या, "चूक काहीच नाही हो. पण कालपासून माझा फळा पुसायला हात होईना!"  घरी येताना चौकात आल्यावर अण्णा म्हणाले, "माणूस बघितला की भूत उतरतं. चल, धुळ्याला जाऊ. तुझ्या त्या मोजणीदाराला एकदा बनियनवर बघ."

एरंडोल, पारोळा मागे टाकत आम्ही धुळ्याला गेलो. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. नाना खरोखरच बनियनवर होते आणि परातीत शेंगा फोडत बसले होते. सडपातळ, काळेसावळे, कान जरा मोठे. अण्णांना वाटलं, चला, काम फत्ते. पण नानांनी आमचं येण्याचं कारण ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घराची उत्तर कुठली?" मी सांगितलं. "बंद खोली? कोणाची?" "माहीत नाही," मी म्हटलं. ते अण्णांकडे वळले. "बघा, तुम्हालाही माहीत नाही." अण्णांना खरोखरच माहीत नव्हतं. इतकी वर्षं राहत होतो आम्ही तिथे! आतून नानांच्या पत्नी, अक्का, पाणी घेऊन आल्या. ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, गुडघ्यांनी तेव्हापासूनच अधू. मला न्याहाळून म्हणाल्या, "हाई का तुमनं लिखेल वाचस? भेव नही वाटत तुले, पोरी?" मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

त्याच दिवशी मला त्या घराची रीत कळली. चहा झाल्यावर नानांनी सदरा चढवला, कागद घेतले आणि दळण आणायला जावं तसं म्हणाले, "शेवट लिहून येतो." कथा सगळी घरी लिहायची, अक्कांना वाचून दाखवायची, पण शेवट मात्र घराबाहेर करायचा. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. एसटी स्टँडवर, शिरपूर आणि साक्रीच्या गाड्या लागत होत्या त्या गर्दीत, एका बाकावर बसून नानांनी शेवटचं पान लिहिलं, पाकिटात घातलं आणि तिथल्याच पेटीत टाकलं. घरी परत नेलं नाही. हा अक्कांचा कायदा होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नानांनी एक शेवट घरात लिहिला होता. त्यात भर दुपारी कोणीतरी दाराची कडी वाजवतं आणि कथा संपते. तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत रोज दुपारी अक्कांच्या दाराची कडी वाजत राहिली. नाना म्हणत वारा आहे. अक्का म्हणत, वैशाखात कुठला आलाय वारा? शेवट जिथे लिहिला तिथे तो राहतो, असं अक्कांचं ठाम मत होतं. स्टँडवर राहिला तर राहू दे, तिथे कोण कोणाला ओळखतं! त्यामुळे झालं असं की, नानांच्या सगळ्या कथा अक्कांना ठाऊक होत्या आणि त्या कडीवाल्या कथेखेरीज एकीचाही शेवट ठाऊक नव्हता. त्यांनी तो कधी विचारलाही नाही.

अण्णांचा उपाय अर्थातच अंगाशी आला. मी तर बरी झाले नाहीच, वर अण्णाच नानांचे दोस्त झाले. दर दोन-तीन महिन्यांनी धुळ्याला जायचं, अण्णांनी विवेकाच्या बाजूनं भांडायचं, नानांनी शेंगा फोडत ऐकून घ्यायचं आणि शेवटी म्हणायचं, "तुमचं बठ्ठं बरोबर शे, अण्णा. तीन बाजूंनी बरोबर शे." अण्णा गेल्यावरही मी जात राहिले. कॉलेजात असताना मी स्वतःची एक कथा लिहून त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती सावकाश वाचली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी जमलीये. पण माझीच आहे की गं ही, करुणा." मला भयंकर लागलं ते. परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत मी रडत होते, कारण ते खरं होतं. माझ्या डोक्यात वाक्य उमटायचं तेच मुळी त्यांच्या चालीनं. आखूड, सरळ, कोरडं, आणि कुठेतरी एक जागा रिकामी ठेवलेली. आवडत्या लेखकाचं असंच असतं. तो आपल्याला गोष्ट देतो असं वाटतं, खरं तर तो आपले डोळे बदलून ठेवतो आणि परत करायचं नाव घेत नाही. आजही बँकेत जमिनीचे कागद आले की मी आधी रक्कम बघत नाही, चतुःसीमा बघते, आणि तिथंही आधी उत्तर.

ही चाल त्यांना सापडली कुठे, हे मी एकदा विचारलं होतं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका शेताची मोजणी होती. दुपारची वेळ, पंच झाडाखाली बसलेले. नाना विचारत होते आणि ते सांगत होते. पूर्वेला नाला, दक्षिणेला अमक्याचं शेत, पश्चिमेला पायवाट. उत्तरेला? कोणी बोलेना. नानांनी पुन्हा विचारलं. एक म्हातारा उठला आणि टोपी झटकून चालू लागला, मग दुसरा. शेवटी झाडाखाली कोणी उरलं नाही. नानांनी कागदावर लिहिलं, 'उत्तरेस: नंतर', आणि साखळी गुंडाळून तेही निघाले. वरच्या साहेबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "मग काय होतं तिकडे?" मी अधीर होऊन विचारलं. नाना म्हणाले, "मला काय माहीत? मी परत गेलोच नाही. गेलो असतो तर कशाला लिहीत बसलो असतो?" मग त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, ती मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचली नाही. ते म्हणाले, वाचणाऱ्याला घाबरवायचं नसतं. त्याला तीन बाजू खऱ्या सांगायच्या, अगदी इंचाइंचानं खऱ्या. मग चौथीला तो आपल्या पायानं येतो.

गेल्या हिवाळ्यात नाना मोरीत पडले आणि अंथरुणाला खिळले. हात थरथरायचा, लेखणी धरवेना. एक कथा अर्धी होती आणि ती पुरी झाल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. डॉक्टरांनाही ते तेच सांगत. मी शनिवारी जायची, ते सांगत, मी लिहायची. कथा सुरू होत होती ती त्यांच्याच घरापासून. पूर्वेस शाळेचं पटांगण, दक्षिणेस गल्ली, पश्चिमेस शिंप्याचं दुकान, उत्तरेस काय ते नंतर सांगतो. एक म्हातारा रोज दुपारी जेवून बाहेर पडतो आणि चहाच्या वेळेला परत येतो. एके दिवशी तो परत येतो, तर दार उघडं, घरात माणसं जमलेली आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. तो आपल्या जागी जाऊन बसतो. म्हातारी तेवढी मान वर करते, पुन्हा खाली घालते आणि चहाला आधण ठेवते. इतकं लिहून झालं आणि शेवट राहिला.

आता शेवट म्हणजे स्टँड. नानांना तर कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत. मी म्हटलं, "नाना, तुम्ही मला आत्ता सांगूच नका. मी स्टँडवर जाऊन बसते, तिथून फोन लावते, तुम्ही फोनवर सांगा." त्यांना ते पटलं, माझ्या हुशारीवर ते हसलेही. मी चपला घालत होते. अक्का खाटेच्या पायथ्याशी, नानांच्या पावलांवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोठे जाऊ नको. आठेच लिख, पोरी. घरमाच लिख." नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "अगं, मग तो इथंच राहील." अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." मला वाटलं, म्हातारी थकली, रात्रंदिवस उशाशी बसून कंटाळली, कुठले आता कायदेकानून पाळणार? मी चपला काढल्या आणि कागद घेऊन बसले. नानांनी डोळे मिटले आणि सांगितलं: 'उत्तरेस, तो परत येतो ती वाट.' मी लिहिलं. "पुढे?" मी विचारलं. "पुढे काय? संपलं," नाना म्हणाले. लग्नानंतरच्या त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच अक्कांनी नवऱ्याच्या कथेचा शेवट ऐकला. त्यांनी माझ्या हातातून ते पान घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. त्या पुढच्याच आठवड्यात नाना गेले.

कथा अजून छापलेली नाही, कारण शेवटचं पान अक्का देत नाहीत. इथे, या लिखाणात, तो शेवट लिहिला तर चालेल का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "लिख ना. पान तं मनाजोडेच शे."

दिवसकार्य आटोपल्यावर सुनंदा अक्कांना नाशिकला आपल्या घरी न्यायला निघाली. अक्का हलेनात. एवढ्या मोठ्या घरात एकटी म्हातारी, गुडघे हे असे, परवा दूध उतू जाऊन गॅस विझलेला कळला नाही, शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. सुनंदा फोनवर रडायलाच लागली. "तू सांग गं तिला, तुझं ऐकते ती. काही झालं तर मी काय करू?" मलाही तीच धास्ती होती. म्हणून मागच्या आठवड्यात रजा टाकून गेले. मनाशी मुद्दे घोळवत गेले, बँकेतल्या माणसाला साजेसे. अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी जेवत होते आणि मुद्दे मांडत होते. दवाखाना जवळ आहे, नातवंडं आहेत, हवा बरी आहे. अक्का ऐकून घेत होत्या. जेवणं झाली, भांडी विसळली, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघर आणि माजघर यांमधल्या दारात येऊन बसलो. त्या एका चौकटीला टेकून, मी दुसऱ्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून त्यांनी पाय लांब पसरले होते, आणि प्रवासानं आंबले होते म्हणून मीही. दुपार चढली होती. गल्लीत कसलाही आवाज नव्हता. बाहेरचं दार उघडंच होतं. ते लावू का म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून हात हलवला.

"मी तठे जासू," अक्का म्हणाल्या, "आनि त्या आठे येतीन, तं त्यास्ले पानी कोन दी?" आवाज अगदी रोजचा होता, घरच्या माणसाला पाणी द्यायचं असतं तसा. "अक्का, नाना गेले," मी म्हटलं. त्यांना माझी दया आली असावी. "माले ठाऊक शे ना, माय," त्या म्हणाल्या. "मना हातवरच गयात त्या. म्हनीसन तं तुले सांगं, घरमाच लिख." आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या दिवशी म्हातारी थकली नव्हती. तिनं जन्मभर सगळे शेवट दाराबाहेर ठेवले होते आणि हा एक, विचार करून, घरात मागून घेतला होता.   शेवटी ठरवलं की सकाळ-संध्याकाळ कोणी बाई लावून द्यावी, गॅसचं काहीतरी करावं, आणि नाशिकचा हट्ट सोडावा. तसं मी अक्कांना म्हटलं. त्यांना बरं वाटलं. मग त्या सुनंदाच्या लहानपणाचं काहीतरी सांगू लागल्या, ती म्हणे नानांची साखळी अंगणभर ओढत फिरायची...

आणि सांगता सांगता त्यांनी पाय जवळ घेतले. हातांनी एकेक गुडघा उचलून, दुखत असतानाही, चौकटीशी ओढून घेतले, दारातून कोणाला जायचं असलं की आपण घेतो तसे. डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांनी वर पाहिलं नाही, बोलणंही थांबवलं नाही. मी उघड्या दाराकडे पाहिलं. पांढरं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. माझे पाय अजून वाटेत पसरलेले होते. माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. मी अण्णांची मुलगी आहे आणि त्या क्षणीही मला ते पक्कं आठवत होतं. अक्का बोलता बोलता माझ्या पायांकडे बघत होत्या, काही न म्हणता, वाट बघितल्यासारख्या.

मी माझे पाय जवळ ओढून घेतले.